तिशी-चाळिशीत कळलेला ऑटिझम: निदान, दाखला आणि कामावरची सोय

सोलापुरात मालकाकडे रजा मागितली की उत्तर येतं, ‘बघू की.’ हे ‘हो’ आहे, ‘नाही’ आहे, की ‘आत्ता डोकं खाऊ नको’ आहे, हे बहुतेकांना सुरावरून कळतं. काहींना नाही कळत. मालक कधी बघतायत याची ते खरोखरच वाट बघत बसतात. दोन दिवसांनी पुन्हा विचारतात, तिसऱ्या दिवशी बोलणी खातात. हिशेब चोख, कामावर वेळेच्या आधी हजर, आणि तरी पाच वर्षांत तीन नोकऱ्या सुटलेल्या. ‘माणूस चांगलाय ओ, पण जरा वेगळाच आहे’ हा शेरा शाळेपासून मागे लागलेला.

अशा प्रत्येकाला ऑटिझम असतो असं नाही. ज्यांना असतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो तिशी-चाळिशीत कळतो, कधी तर स्वतःच्या मुलाची तपासणी करताना. त्यानंतरच्या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. डॉक्टरांचं निदान, दिव्यांगत्वाचा दाखला आणि कामावर मिळणारी सोय या तीन गोष्टी लोक एकच धरून चालतात. तिन्हींची दारं वेगळी आहेत, कागद वेगळे आहेत, आणि एक नसताना दुसरी मिळू शकते.

इतक्या उशिरा का कळतं

ऑटिझम म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतला लहानपणापासूनचा फरक. तो मोठेपणी होत नाही, मोठेपणी फक्त लक्षात येतो. सरकारी मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात, आणि हा शब्द बराच घोटाळा करतो. प्रौढ ऑटिस्टिक माणूस स्वतःत मग्न असतोच असं नाही. उलट ‘आपण आत्ता बरोबर वागतोय ना’ या विचारात समोरच्याचा चेहरा दिवसभर वाचत बसणारे खूप असतात. म्हणून इथं सरळ ‘ऑटिझम’च म्हणू.

डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानासाठीच्या २०१३च्या अमेरिकन नियमावलीनुसार निदानाला दोन बाजू लागतात. पहिली माणसांमधल्या देवाणघेवाणीची: बोलण्यातली घेव-देव, न बोलता केलेले इशारे, नाती जमवणं आणि टिकवणं. या तिन्हींत अडचण दिसावी लागते. दुसऱ्या बाजूच्या चारांपैकी दोन गोष्टी लागतात: त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयात खोलवर बुडणं, आणि आवाज-उजेड-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. हे सगळं लहानपणापासून असायला हवं. मात्र त्याच व्याख्येत पुढं म्हटलंय की आयुष्याच्या मागण्या वाढेपर्यंत ही लक्षणं उघडी पडणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकली जातील. प्रौढांचं निदान या एका वाक्यावर उभं आहे.

इतिहास बघितला तर उशिराचं कारण कळतं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स अ‍ॅस्परगर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, पण अमेरिकन नियमावलीत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली १९८० मध्ये. आपल्याकडच्या १९९५च्या अपंग कायद्यात तो नव्हताच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आला. म्हणजे १९८५ साली जन्मलेल्या, बोलणाऱ्या, पास होणाऱ्या मुलाकडे त्या नजरेनं बघणारं शाळेत कुणी असण्याची शक्यता जवळपास शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अंदाजाप्रमाणे १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम असतो. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. नुसता भागाकार केला तरी साडेसात हजारांच्या आसपास माणसं होतात. ही सगळी काही लहान मुलं नाहीत.

झाकण्याच्या युक्त्या म्हणजे काय? समोरच्याच्या डोळ्यांऐवजी भुवयांकडे बघणं. चार तयार वाक्यं पाठ ठेवणं. दुसरे हसले की अर्ध्या सेकंदानं हसणं. बायकांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण घरात-सासरी ‘नीट वागण्याची’ तालीम लहानपणापासून मिळते. युक्त्या चालतात, पण त्यांना शक्ती लागते, आणि ती कामातूनच वळती होते. संध्याकाळी घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, त्याचं हे एक कारण.

निदान: कुणाकडे जायचं, काय घेऊन जायचं

ऑटिझम रक्त तपासून किंवा ईईजी, एमआरआय काढून कळत नाही. मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून, निरीक्षण करून आणि बालपणाची माहिती घेऊन निदान करतात. सोलापुरात सुरुवात सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीत करता येते. सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचारा: प्रौढांचं निदान करता का, बालपणाची माहिती कुणाकडून घेता, आणि सविस्तर लेखी रिपोर्ट देता का. पहिल्या प्रश्नावर ‘आम्ही मुलांचंच बघतो’ असं उत्तर आलं तर पुणे, नाहीतर बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मनोविकारांची राष्ट्रीय संस्था. रेल्वेमार्गामुळं दोन्ही ठिकाणं सोलापूरकराला तशी जमणारी आहेत.

भाषेचा मुद्दा इथं मोठा आहे. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, शहरात कन्नड बोलणारेही भरपूर, कामावर मराठी-हिंदी. तपासणी दुसऱ्याच भाषेत झाली की अडखळणं ऑटिझमचं की भाषेचं, हे कळत नाही. घरात जी बोलता तीच भाषा मागा. तपासणारा ती बोलत नसेल तर ते रिपोर्टात लिहायला सांगा.

ऑनलाइन प्रश्नावल्यांबद्दल एवढं लक्षात ठेवा. ‘एक्यू’ या ऑटिझमच्या प्रश्नावलीत ५० प्रश्न असतात, त्याच्या छोट्या रूपात १०, आणि या दहांत ६ किंवा जास्त गुण आले तर पुढं तपासून घ्यावं असं धरतात. एवढाच त्याचा उपयोग. चिंतेचा आजार असलेल्याचे गुणही वर जातात, आणि वर्षानुवर्षं झाकून जगलेल्याचे खाली येतात. गुणांचा स्क्रीनशॉट हे निदान नाही.

तपासणी फसते ती बहुतेक वेळा बालपणाच्या माहितीवर. आईला ‘मी लहानपणी नॉर्मल होतो का?’ असं विचारलं तर ती ‘होतास की, काय झालंय तुला?’ असंच म्हणणार. प्रश्न बारीक करा. कुकरची शिट्टी झाली की कान झाकायचो का? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघायला सगळे जायचे, तेव्हा मी काय करायचो? कुठले कपडे अंगावर ठेवत नव्हतो? भाजी-आमटी एकमेकांना लागली तर ताट सरकवायचो का? मित्र किती, आणि ते माझ्याकडं यायचे की मी त्यांच्याकडं? आई-वडील नसतील किंवा आठवत नसेल तर थोरली बहीण, मामा, शेजारच्या काकू चालतील. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही’ हा बाईंच्या हातचा शेरा तज्ज्ञाला तुमच्या तासाभराच्या सांगण्यापेक्षा जास्त सांगून जातो. यातून दोन पानांचं टिपण करा: एक पान वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंतचं, दुसरं नोकऱ्यांचं. दुसऱ्या पानावर प्रत्येक नोकरी किती महिने टिकली, काय जमलं आणि नेमकी कशावरून सुटली, एवढंच लिहा.

तज्ज्ञानं आणखीही काही गोष्टी तपासायला हव्यात. नुसत्या सामाजिक भीतीत माणसाला इशारे कळतात, पण लोक काय म्हणतील याची धास्ती असते. ऑटिझममध्ये इशाराच निसटतो. ओसीडीतली (मनात घुसणाऱ्या विचारांमुळं तेच ते करायला लावणारा आजार) पुनरावृत्ती नकोशी असते, ऑटिझममधला ठरलेला क्रम दिलासा देतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि उतावीळपणा, सोबत असू शकतो. २०१३च्या आधीच्या अमेरिकन नियमांत ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती, म्हणून जुन्या फायलीत एकच लिहिलेलं आढळतं. आणि सोलापुरासाठी खास: यंत्रमागावर किंवा त्याच्या शेजारच्या घरात वाढलेल्यांनी कानाची तपासणी आधी करून घ्यावी. मोठ्या आवाजानं जाणारी श्रवणशक्ती ४००० हर्ट्झच्या आसपास आधी जाते, त्यामुळं आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. ‘सांगितलेलं याच्या डोक्यात शिरत नाही’ या तक्रारीचं मूळ कधीकधी तिथं असतं. सतत थकवा असेल तर थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा बघून घ्या.

चांगल्या रिपोर्टात वापरलेल्या चाचण्या आणि गुण, बालपणाची माहिती कुणी दिली, आणखी कोणत्या शक्यता तपासल्या, निष्कर्ष, आणि शेवटी कामासाठीच्या शिफारशी असतात. दहा मिनिटांत एका ओळीचं ‘ऑटिझम आहे’ हातात पडलं तर ते पुढं कुठंच चालत नाही. मूळ ऑटिझमवर गोळी नाही. औषधं मिळतात ती सोबतच्या चिंतेवर, झोपेवर, नैराश्यावर. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्या स्टेम सेलच्या जाहिराती वाचायच्या आणि पान उलटायचं.

दाखला: हवा असेल तरच

दिव्यांगत्वाचा दाखला यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद जोडायचे, रुग्णालय निवडायचं, बोलावणं आलं की तिथल्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं.

इथली मोजपट्टी वेगळी आहे. आयएसएए नावाच्या भारतीय पट्टीत ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७०च्या खाली आले तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढं तीव्र. ही पट्टी मुलं आणि तरुण डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे. चाळिशीतला, कमावता, व्यवस्थित बोलणारा माणूस त्यात सहज ७०च्या खाली जातो. तसं झालं तर डॉक्टरांचं निदान खोटं ठरत नाही, फक्त दाखला मिळत नाही. तिथं जाताना वाढवून सांगू नका आणि झाकूही नका. इस्त्रीचा शर्ट, पाठ केलेली उत्तरं आणि ओढूनताणून डोळ्यांत बघणं, असा मुलाखतीचा अवतार करून गेलात तर बोर्डाला तोच माणूस दिसणार. घरचं एक माणूस सोबत न्या आणि अडचणी त्यालाही सांगू द्या.

दाखल्याचा उपयोग कुणाला? सरकारी नोकरीसाठी प्रयत्न करणाऱ्याला मुख्यतः. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३४ नुसार दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, आणि त्यातल्या एका टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता हे सगळे एकत्र येतात. आयकराचं विवरण जुन्या पद्धतीनं भरणाऱ्याला ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ७५,००० रुपयांची वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. खासगी नोकरीत स्थिर असाल, यातलं काही लागत नसेल, तर दाखल्याची घाई कशाला?

कामावर: नाव सांगायचं की गरज

सोयीसाठी ४० टक्क्यांचा दाखला लागतोच असा समज पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. याच कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार अशा सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही, आणि २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण आणि संपर्क अधिकारी ठेवावा लागतो. दाद मागायची तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडं. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बारा माणसांच्या युनिटमध्ये कायद्याची कलमं वाचून दाखवली तर काय होईल, हे सांगायला नको. तिथं मालकाशी बोलणंच कामी येतं, आणि ते बोलणं कसं करायचं यावर सगळं अवलंबून असतं.

आधी गरज सांगा. ‘ऑटिझम’ हे नाव नंतर, आणि लागलं तरच. नवी पेठेत सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत सात रस्त्याला पोचते, आणि एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. घरातही ‘बहिणीचं लग्न व्हायचंय, कुठं बोलू नको’ असा दबाव असतो. तो पटो न पटो, नाव न सांगता काम होत असेल तर तो वाद आज ओढवून घेण्याचं कारण नाही. मधला मार्ग म्हणजे डॉक्टरांचं असं पत्र: ‘यांना सततचा गोंगाट आणि ऐन वेळी बदललेल्या तोंडी सूचना यांमुळे त्रास होतो. कामाच्या सूचना लेखी द्याव्यात आणि बसण्याची जागा दारापासून दूर असावी. याने त्यांच्या कामाच्या क्षमतेत उणेपणा येत नाही.’ आजाराचं नाव नाही, तरी मागणी पक्की. अपवाद दोन: आरक्षणाच्या जागेवर असाल, किंवा कामावरून काढायची नोटीस हातात असेल. तेव्हा नाव लेखी कळवणंच बरं.

‘मला समजून घ्या’ ही मागणी करू नका. समोरचा ‘हो हो’ म्हणतो आणि सोमवारी काहीच बदललेलं नसतं, कारण काय बदलायचं ते त्याला कळलेलंच नसतं. टॉवेलच्या कारखान्यातलं डिस्पॅच घ्या. सुपरवायझर जाता जाता म्हणतो, ‘ते गठ्ठे जरा बघून घ्या.’ त्याच्या मनात चार कामं आहेत: गठ्ठे मोजायचे, चलनाशी ताळा घालायचा, कमी निघाले तर कळवायचं, गाडी आली की बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) घ्यायची. ऐकणारा गठ्ठे बघतो. नीट बघतो, एकाचं शिवण उसवलंय हेही त्याला दिसतं. संध्याकाळी गाडी दोन गठ्ठे कमी घेऊन जाते आणि बोलणी याला बसतात. तेच काम व्हॉट्सअ‍ॅपवर असं यावं: ‘गठ्ठे मोजा. चलनाशी जुळवा. कमी निघाले तर पाचच्या आत मला फोन. गाडी आली की बिल्टी घेऊन टेबलावर ठेवा.’ लिहायला मिनिटभर लागतो. सुरुवातीला सुपरवायझर लिहिणार नाही, हे गृहीत धरा. तुम्हीच लिहून पाठवा, ‘मी असं समजलो, बरोबर का?’ आणि त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्याचं चिन्ह घ्या. महिन्याभरात बहुतेकांना याची सवय होते, कारण त्यांचाही त्रास वाचतो.

आवाजाचं वेगळं बघावं लागतं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि यंत्रमागाची शेड ती सहज ओलांडते. तिथं कानांचं संरक्षण सगळ्यांनाच मिळायला हवं. तुम्ही मागता ती काही खास सवलत नाही. कानावर बसणारे मोठे मफ मे महिन्यात घामानं नकोसे होतात, त्यापेक्षा फोमचे किंवा सिलिकॉनचे प्लग बरे. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. अर्धवट घातलेला प्लग काही उपयोगाचा नाही, आणि ‘मला प्लग चालत नाहीत’ म्हणणाऱ्यांत अर्धवट घालणारेच जास्त. पतसंस्थेत किंवा ऑफिसात मात्र आवाज पूर्ण बंद करू नका. हाक ऐकू आली नाही की गैरसमज वाढतात. तिथं जागा बदलणं जास्त उपयोगी: काउंटरच्या मागची, पाठीशी भिंत असलेली, लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली नसलेली.

एका वेळी दोनच सोयी मागा, महिनाभरासाठी, आणि आकडे ठेवा. महिन्याआधी हिशेबात किती चुका होत्या, आता किती आहेत? मालकाला भावना समजावण्यापेक्षा हा कागद दाखवणं सोपं. दहा मागण्यांची यादी दिली तर त्यातली एकही होत नाही. डबा एकट्यानं खायचा असेल तर सहकाऱ्यांना एकदाच सांगून टाका, ‘जेवताना मी गप्प असतो, राग नसतो.’ न सांगता उठून गेलात तर त्याची गोष्ट होते.

निदानानंतर पहिले तीनेक महिने राजीनामा देऊ नये, असं आमचं मत. जुना प्रत्येक अपमान नव्या उजेडात दिसायला लागतो आणि राग येतो. तो रास्त असला तरी त्या भरात घेतलेले निर्णय टिकत नाहीत. थकवा मात्र वेगळा ओळखा. आधी येणारी कामं येईनाशी झाली, बोलताना शब्द सापडेनात, रोजचा आवाज असह्य झाला, तर ही ऑटिस्टिक माणसांना येणारी घसरण असू शकते. ती नैराश्यासारखी दिसते, पण ‘चार माणसांत मिसळ, बरं वाटेल’ या सल्ल्यानं वाढते. अशा वेळी माणसं, आवाज आणि कामाचे तास कमी करावे लागतात, आणि डॉक्टरांना हा फरक शब्दांत सांगावा लागतो. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे.

सगळ्यांत मोठा सापळा मात्र बढतीचा. स्टॉकचं रजिस्टर दहा वर्षं बिनचूक ठेवणाऱ्याला मालक खूश होऊन सुपरवायझर करतात. आता त्याला वीस कामगारांची भांडणं मिटवायची असतात, ऐन वेळी पाळ्या बदलायच्या असतात, आणि दिवसभर ‘बघू की’ म्हणायचं असतं. सहा महिन्यांत माणूस आजारी पडतो आणि जुनी खुर्चीही गेलेली असते. बढतीचं बोलणं निघालं की आधी नव्या कामाची यादी लेखी मागा. पगारवाढ रजिस्टरच्याच कामात, जबाबदारी वाढवून, मिळते का हे विचारा. तीन तालुक्यांचा स्टॉक एकाच माणसाकडं असणं मालकालाही परवडतं. तरीही घ्यायचीच ठरली तर तीन महिन्यांच्या बोलीवर घ्या. नाही जमलं तर जुनी जागा जुन्या पगारावर परत मिळेल, हे एका ओळीत लिहून घ्या आणि खाली मालकांची सही घ्या.